गायिका सोलापुरात, तबला पंढरपुरात: एका खोलीत न बसता अभंग रेकॉर्ड आणि मिक्स कसा करायचा

पाच मिनिटांचा एक अभंग धरू. गायिका जुळे सोलापुरात, तबला-डग्गा पंढरपुरात, पेटीवाले आणि मिक्स करणारा दोघेही पुण्यात. चौघं एकदाही समोरासमोर न बसता हे गाणं नीट होऊ शकतं. मात्र रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी निम्मं काम उरकलेलं असायला हवं. अशा गाण्यात जे बिघडतं ते बहुतेक वेळा माइकमुळे नाही, आधी न ठरवलेल्या गोष्टींमुळे.

व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवण्याचा नाद सोडा. फायबरमधून सोलापूर ते पुणे हे अंतर काही मिलिसेकंदांत पार होतं. वेळ खातात ते वाय-फाय आणि कॉलच्या अ‍ॅपचे बफर. एकूण उशीर सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर जातो. साधारण तीसच्या पुढे गेलं की दोघंही एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय उतरत जाते. शिवाय तानपुऱ्याचा अखंड नाद हा गोंगाट आहे असं समजून अ‍ॅप तो कापून टाकतं. कॉल चाल समजावून सांगायला आणि चर्चेला ठेवा. रेकॉर्डिंग प्रत्येकाने आपापल्या घरी, एकामागून एक करायचं.

सूर आणि लय

‘काळी चार’ एवढंच ठरवून भागत नाही. प्रत्येक पेटी ४४० हर्ट्झच्या मापाला लावलेली असतेच असं नाही. पेटीवाल्यांनी पांढरी सहा दाबून ट्यूनर अ‍ॅपवर आकडा बघावा. ४४० ऐवजी ४४४ आला, तर पेटी सुमारे १६ सेंट चढी आहे (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). एकटी ऐकताना हे कळत नाही, पण ४४० च्या तानपुऱ्यावर गायलेला आवाज तिच्याशेजारी ठेवला की दोन्ही बेसूर वाटतात. इथे नियम एकच: ज्याचा सूर हलवता येत नाही तो प्रमाण. पेटीचे सूर असे बसल्या बसल्या हलत नाहीत. तानपुऱ्याचं अ‍ॅप, कीबोर्ड आणि तबला हलवता येतात. म्हणून पेटीचा आकडा सगळ्यांना आधी कळवा, तानपुरा त्या आकड्यावर लावून त्याची पाच-सहा मिनिटांची फाइल बनवा आणि सगळ्यांनी तीच एक फाइल वापरा. त्या सुराला लागणारा तबला पंढरपुरात हाताशी आहे ना, हेही त्याच दिवशी विचारून घ्या.

लयीचं गणित कागदावर मांडा. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला १६० मात्रा धरल्या तर एक आवर्तन तीन सेकंदांचं आणि पाच मिनिटांत शंभर आवर्तनं. धृपद किती आवर्तनं, मधलं संगीत किती, कुठल्या कडव्यानंतर तिहाई, गजर कुठून, हे आवर्तनांच्या आकड्यांत लिहून सगळ्यांना पाठवा. ‘दुसऱ्या कडव्यानंतर जरा वाजव’ या वाक्याचे तीन जण तीन अर्थ काढतात.

अभंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका गतीला बांधला की गजर मरतो. लय चढवायचीच असेल तर ती क्लिकमध्येच, म्हणजे हेडफोनमध्ये मात्रा मोजून देणाऱ्या ठोक्यातच चढवा. रीपरसारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवर्तनागणिक गती बदलता येते: धृपदाला १५०, शेवटच्या कडव्याला १६०, गजराला १७५, आणि मधले बदल दोन-तीन आवर्तनांत हळूहळू. क्लिकचा आवाज टोकदार ‘बीप’ ठेवू नका, तो हेडफोनमधून झिरपून माइकमध्ये येतो. ठेक्याचा लूप चालेल, फक्त सम ठळक ऐकू आली पाहिजे. गाणं सुरू होण्याआधी दोन आवर्तनं नुसती मोजणी ठेवा.

खर्डा

आता गायिकेने क्लिक आणि तानपुऱ्यावर पूर्ण गाणं गाऊन पाठवायचं. हा आवाज अंतिम गाण्यात राहणार नाही, म्हणून बरेच जण तो कसातरी उरकतात. नुकसान इथेच होतं. आपल्याकडची साथ गाणाऱ्याच्या श्वासावर चालते: शब्द कुठे ओढला, समेवर कसं आलं, आलाप कुठे मोकळा सोडला, त्यावर तबलजी आणि पेटीवाले आपलं वाजवणं ठरवतात. खर्डा पुटपुटलेला असेल तर साथही सपाट येते आणि नंतर कितीही चांगलं गायलं तरी ती सपाटच राहते. खर्डा फोनवर रेकॉर्ड केला तरी चालेल, पण गाणं पूर्ण जीव ओतून गायलेलं हवं.

क्रम असा: खर्डा, मग तबला, मग पेटी, मग अंतिम आवाज, शेवटी टाळ आणि कोरस. अंतिम आवाज आल्यावर पेटीवाल्यांना आणखी एक फेरी द्या. ओळींमधल्या मोकळ्या जागा त्यांनी नव्या आवाजाला उत्तर देत पुन्हा भराव्यात. या एका फेरीने गाणं वेगवेगळ्या खोल्यांत झाल्याची खूण बरीच पुसली जाते. घाईत ती गाळू नका.

फाइलींची शिस्त

सगळ्यांनी एकाच मापात रेकॉर्ड करायचं: ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार नमुने), २४ बिट, वेव्ह फाइल. एकाने ४४.१ वर रेकॉर्ड केलं आणि फाइल न बदलता ४८ म्हणून वाजली, तर सूर जवळजवळ दीड पट्टी चढतो आणि पाच मिनिटांचं गाणं ४ मिनिटं ३६ सेकंदांत संपतं. अशी गडबड निदान लगेच कळते. एमपी३ ची कळत नाही: प्रत्येक वेळी उघडून पुन्हा एमपी३ केली की टाळ आणि ‘स’चे उच्चार खरखरीत होत जातात.

प्रत्येक फाइल क्लिकच्या शून्य सेकंदापासून सुरू झाली पाहिजे, वाद्य दोन मिनिटांनी येणार असलं तरी. मग मिक्स करणाऱ्याला फाइली नुसत्या एकाखाली एक ठेवाव्या लागतात, जुळवत बसावं लागत नाही. नावात गाणं, वाद्य, टेकचा (एकदा सलग केलेल्या रेकॉर्डिंगचा) क्रमांक आणि तारीख घाला. ‘फायनल’ हा शब्द कुणीच वापरू नये, कारण त्यानंतर ‘फायनल नवी’ येतेच.

मोनो (एकाच चॅनलची) फाइल मिनिटाला सुमारे ८.६ एमबी होते, म्हणजे पाच मिनिटांना ४३. बारा ट्रॅक धरले तर अर्ध्या जीबीच्या आसपास. गूगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीत आरामात बसतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आवाज कोरडा हवा: रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा), ऑटोट्यून, नॉइज रिडक्शन काहीही न लावता. प्रत्येकाने दोन पूर्ण टेक पाठवावेत. पंधरा तुकडे पाठवणं म्हणजे निवड दुसऱ्यावर ढकलणं.

सोलापुरातली खोली

पूर्व भागात यंत्रमागाची खटखट भिंतीतून येते, आणि ती ठरावीक लयीत असल्याने क्लिकशी भांडते. माग बंद असतो तो दिवस शेजाऱ्यांना विचारून ठेवा. नळाला पाणी येण्याचा दिवसही टाळा, गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकाच वेळी सुरू होतात. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा असते. त्या दिवसांत शहराच्या मध्यभागी रेकॉर्डिंग ठरवण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना पंखा बंद करून गावं लागतं, म्हणून पहाटेची वेळ बरी, आणि दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडावेत.

भिंतीवर सोलापुरी चादर लावायचा सल्ला सगळेच देतात. एकेरी, भिंतीला चिकटवलेली चादर फक्त वरचे तीव्र स्वर खाते. खालच्या स्वरांचा घुमारा तसाच राहतो आणि आवाज कोंदट होतो. दोन-तीन चादरी एकत्र करून भिंतीपासून वीतभर पुढे टांगा आणि कोपऱ्यात गाद्या उभ्या करा. जागाही महत्त्वाची. नेहमीचा कार्डिऑइड माइक मागचा आवाज कमी घेतो, समोरचा घेतो. म्हणून चादरी माइकच्या मागे नकोत. गायिकेच्या पाठीमागे हव्यात, कारण माइकचं तोंड तिकडे आहे.

माइक तोंडापासून १५ ते २० सेंमी, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ची फुंकर अडवणारी जाळी). कंडेन्सर माइकला इंटरफेसवरचं (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यावरचं) ४८ व्होल्टचं बटण लागतं. आवाजच येत नाही ही तक्रार निम्म्या वेळा त्या बटणापाशी मिटते. सगळ्यात मोठा सूर लावून बघा, मीटरचं टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहिलं पाहिजे. हेडफोन वायरचा, कान पूर्ण झाकणारा. ब्लूटूथ चालणार नाही: क्लिकच उशिरा ऐकू येते आणि गायिका प्रत्येक समेला मागे पडते, त्यात तिची चूक काहीच नसते. पन्नास हर्ट्झची गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. जुन्या घरांत अर्थिंग नसणं हे त्याचं नेहमीचं कारण.

इंटरफेस नसेल तर दोन फोन घ्या, एकावर वायरच्या इयरफोनमधून ट्रॅक ऐका, दुसऱ्यावर रेकॉर्ड करा. मोजणीच्या दोन आवर्तनांत इयरफोन रेकॉर्ड करणाऱ्या फोनच्या माइकला टेकवा. क्लिकचे ठोके फाइलमध्ये उमटतात आणि त्यावरून ट्रॅक जुळवता येतो. फोनचं घड्याळ किंचित वेगळं चालतं, त्यामुळे शेवटी पंधराएक मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. म्हणून जुळणी सुरुवातीला आणि गजरापाशी, दोन्हीकडे तपासा.

तबला आणि पेटी

तबल्याचं चामडं हवेवर चालतं. कोरड्या उन्हाळ्यात ते ताणतं आणि तबला चढतो. कूलर लावला की ओलसर हवेने सैलावतं आणि तबला उतरतो. त्यामुळे कूलर लावून तबला लावायचा आणि मग कूलर बंद करून वाजवायचं, हा सगळ्यात वाईट प्रकार. वाद्य अर्धा तास त्याच हवेत ठेवा आणि प्रत्येक टेकआधी तानपुऱ्याशी मिळवून बघा. दोन माइक असतील तर एक तबल्यावर, एक डग्ग्यावर, २० ते ३० सेंमी उंचीवर. दोन्ही ट्रॅक मोनोत, म्हणजे एकत्र मिसळून ऐका. डग्गा अचानक पातळ झाला तर फेज उलटा आहे (दोन्ही माइकांतल्या लहरी एकमेकींना खोडतायत), एका ट्रॅकचा फेज फिरवा. एकच माइक असेल तर दोन्हींच्या मध्ये, अर्धा मीटर वर.

पेटीला माइक वरून, ४० ते ५० सेंमीवर, भात्यापासून दूर. भात्याची फुसफुस आणि पट्ट्यांची खटखट शांत ओळींत फार ऐकू येते. बिजागऱ्यांना तेलाचा थेंब आधीच द्या.

मिक्स

सगळ्यांत आधी काही न लावता फक्त पातळ्या बसवा: आवाज, मग तबला, मग पेटी, टाळ. तानपुरा इतका कमी की बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवावी. आवाजातली ८०-१०० हर्ट्झखालची घरघर कापा. डग्ग्यावर मात्र हा फिल्टर लावू नका, त्याचा जीव तिथेच आहे.

खरी अडचण पेटीची. ती आवाजाच्याच सुरावर, त्याच पट्ट्यात, सावलीसारखी चालते आणि शब्द झाकते. गायन चालू असताना तिला दोन-तीन डेसिबल खाली आणा, मोकळ्या जागेत वर सोडा, आणि थोडी एका बाजूला सरकवा. हे हाताने, ओळीओळीला केलेलं बरं. कॉम्प्रेसरवर (आवाजाची चढउतार आपोआप आवरणाऱ्या साधनावर) सोपवलं की पेटी श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. आवाजावर ३:१ चा कॉम्प्रेसर, सुई तीन ते सहा डेसिबल हलेल इतकाच.

वेगवेगळ्या घरांतून आलेले आवाज एका जागेतले वाटावेत यासाठी प्रत्येकाला वेगळा रिव्हर्ब देऊ नका. एकच रिव्हर्ब घ्या, दीड सेकंदाच्या आसपास, आणि सगळे ट्रॅक कमी-जास्त प्रमाणात त्यात पाठवा. कुणाच्या खोलीचा मूळ घुमारा जास्त असेल तर त्याचा वाटा कमी ठेवा. रेकॉर्ड झालेला घुमारा नीट काढता येत नाही, त्या ओळी पुन्हा मागवणंच स्वस्त पडतं.

यूट्यूबसाठी सरासरी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास, शिखर उणे १ डेसिबल. त्याहून मोठं केलेलं गाणं यूट्यूब स्वतःच खाली आणतं, मग तबल्याची थाप चिरडून मिळवलं काय?

अभिप्राय एकानेच गोळा करावा, वेळेसकट: ‘२:१४, दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द दबला’. ‘अजून जरा मजा यायला हवी’ यावर काहीही करता येत नाही. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आधीच ठरवून घ्या. फोनच्या स्पीकरवर शब्द कळतात का ते बघा, पण डग्गा तिथे ऐकू येणारच नाही, त्यासाठी तो वाढवू नका.

पैसे, नावांचा क्रम आणि गाणं कुणाच्या चॅनलवर चढणार, हे खर्ड्याआधीच एका मेसेजमध्ये लिहून सगळ्यांची ‘मान्य’ घ्या. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा स्वामित्वहक्क नाही. चालीवर असू शकतो, संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. जुनी चाल उचलली असेल तर आधी परवानगी.

काम संपलं की गाण्याबरोबर आणखी दोन गोष्टी काढून ठेवा: प्रत्येक वाद्याची शून्यापासूनची वेगळी फाइल, आणि आवाज वगळून केलेला मायनस वन, सुरुवातीच्या मोजणीसकट. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात कार्यक्रम ठरला आणि तबलजी येऊ शकले नाहीत, तर गायिकेला तोच लागणार.