दाबाखालच्या स्फटिकाला क्लासिकल एमडी पुरेल का, हे कसं ठरवायचं

दाब शंभर गिगापास्कलच्या वर गेला की क्वांटम लागणारच असं बरेच जण धरून चालतात, आणि काही जण ३०० केल्विनला क्लासिकल एमडी (मॉलिक्युलर डायनॅमिक्स, न्यूटनच्या नियमांनी अणू हलवत नेणारं सिम्युलेशन) चालवून मोकळे होतात. दोघांचंही बघायचं एकच राहतं, मोडची (म्हणजे अणूंच्या एकत्र कंपनाच्या एका प्रकाराची) फ्रिक्वेन्सी आणि तापमान यांचा रेशो. नुसत्या दाबावरून काही ठरत नाही.

रन टाकायच्या आधी कागदावर एवढं करा: मोडचा वेव्हनंबर (फ्रिक्वेन्सीच, पण प्रति सेंटीमीटरमध्ये) घ्या, १.४४ ने गुणा, केल्विनमधल्या तापमानाने भागा. येईल तो एक्स. एक्स अर्ध्याच्या आसपास असेल तर त्या मोडची हीट कपॅसिटी क्लासिकलपेक्षा फक्त २ टक्के कमी, एक्स १ ला ८ टक्के कमी, २ ला साधारण २८, आणि तिथून पुढे क्लासिकलचा नाद सोडा. हिऱ्याची १३३२ ची रामन लाइन ३०० केल्विनला एक्स ६.४ देते, म्हणजे तो मोड गोठलेलाच, क्लासिकलच्या जेमतेम ७ टक्के (हिऱ्याच्याच डेटावर आइनस्टाइनने १९०७ मध्ये आपलं मॉडेल तपासलं होतं). शिशाचं डिबाय तापमान (ज्याच्या खाली क्वांटम परिणाम ठळक होतात ते) शंभर केल्विनच्या आसपास, त्यामुळे ते त्याच खोलीत बिनधास्त क्लासिकल.

आता दाब आणू. मॅग्नेशियम ऑक्साइड घ्या, पृथ्वीच्या खालच्या मॅन्टलमुळे ह्याच्यावर भरपूर काम झालंय. साध्या दाबाला त्याचा टीओ मोड (ट्रान्सव्हर्स ऑप्टिकल, आडवं कंपन) ४०० च्या आसपास, ३०० केल्विनला एक्स १.९, हीट कपॅसिटी क्लासिकलच्या पाऊणपट, आणि मोजलेला आकडाही (जूल प्रति मोल-केल्विनमध्ये) ५० ऐवजी ३७ च्या आसपासच येतो. १२० गिगापास्कलला घनफळ ०.७ पट होतं. ग्रुनायझन गॅमा (घनफळ घटलं की फ्रिक्वेन्सी किती वाढते ते सांगणारा आकडा) सरासरी १.३ धरला (दाबाखाली तो उतरतो, आणि सगळ्या मोडना एकच लावणं ढोबळच आहे, पण अंदाजाला चालतं) तर फ्रिक्वेन्सी १.६ पट होते, एक्स ३ च्या पुढे जातो, आणि हीट कपॅसिटी निम्म्यावर येते. म्हणजे डायमंड अॅन्व्हिलमध्ये (दोन हिऱ्यांच्या टोकांत सँपल दाबायचं उपकरण) खोलीच्या तापमानाला दाबाने सँपल जास्त क्वांटम केलं. पण तेवढाच दाब मॅन्टलमध्ये साधारण अडीच हजार केल्विनला असतो, तिथे टीओचा एक्स ०.३७ आणि साध्या दाबाला ७२० वाल्या एलओचाही (लाँगिट्युडिनल ऑप्टिकल, उभं कंपन) ०.६६, मग क्लासिकल एमडी खुशाल चालवा, चूक १ ते ४ टक्के.

३०० केल्विनवाल्या केसमध्ये हीट कपॅसिटी नको असली तरी सुटका नाही, कारण झिरो-पॉइंट एनर्जीही (शून्य केल्विनलाही उरणारी कंपनाची ऊर्जा) आकुंचनाला विरोध करते, आणि क्लासिकल रनमध्ये ती नसतेच, म्हणून त्याच घनफळाला दाब कमी दिसतो. वरच्या आकड्यांवरून हिशोब केला तर हा फरक दीड गिगापास्कलच्या घरात येतो. इक्वेशन ऑफ स्टेट (दाब-घनफळ-तापमानाचं नातं) फिट करताना एवढा फरक नक्की बोचतो.

इथे एक घोळ हमखास होतो: क्वांटम आणि अॅनहार्मोनिक (कंपन आदर्श स्प्रिंगसारखं नसणं) ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनोपी ह्या सॉफ्टवेअरमधलं क्वाझी-हार्मोनिक (प्रत्येक घनफळाला कंपन स्प्रिंगसारखं धरणारं) गणित क्वांटम असतं, पण अॅनहार्मोनिसिटी त्यात फक्त घनफळाच्या वाटेने येते; क्लासिकल एमडीत अॅनहार्मोनिसिटी पूर्ण, क्वांटम शून्य. म्हणून एक्स मोठा आणि अणू घट्ट जागेवर असतील तर क्वाझी-हार्मोनिक बास, एक्स छोटा आणि वितळण जवळ असेल तर एमडी. दोन्ही बिघडलेलं असेल, विशेषतः हायड्रोजन असेल, तर पाथ इंटिग्रल (एका अणूच्या जागी स्प्रिंगने जोडलेल्या अनेक प्रती, म्हणजे बीड्स, चालवणारं एमडी) किंवा सेल्फ-कन्सिस्टंट हार्मोनिक (अॅनहार्मोनिसिटी धरून सगळ्यात जुळणारे स्प्रिंग शोधणाऱ्या) पद्धतीकडे वळावंच लागतं. हायड्रोजन सल्फाइडचंच बघा, २०१५ मध्ये २०३ केल्विनला सुपरकंडक्टर निघालेलं, १५५ गिगापास्कलच्या आसपास. त्यात हायड्रोजन दोन सल्फरच्या बरोब्बर मध्ये कधी येतो? क्लासिकल गणित १७५ गिगापास्कल सांगतं, क्वांटम १०३. प्रयोग ह्या दोन आकड्यांच्या मधल्या दाबावर झालेला, त्यामुळे क्लासिकल गणितात स्ट्रक्चरच चुकीचं निघतं!

शंका असेल तर वस्तुमान बदलून बघा. क्लासिकलमध्ये हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम टाकलं तरी समतोलातलं घनफळ, फेज बाउंड्री काहीच हलत नाही, त्यामुळे प्रयोगात आयसोटोपने ह्यातलं काही हललेलं दिसलं की क्लासिकल बाद. पाथ इंटिग्रलला बीड्स किती, तर सगळ्यात मोठ्या एक्सच्या निदान दुप्पट घेऊन सुरू करा आणि वाढवत नेऊन उत्तर स्थिर होतंय का बघा. हिऱ्याला ३०० केल्विनला १६ ने सुरुवात ठीक आहे, आणि दाब वाढवला की एक्सही वाढतो, तेव्हा हा आकडा परत तपासा.