टिकाऊ छायाचित्रासाठी कागद कसा निवडावा

इंकजेट प्रिंटरवर छापलेले छायाचित्र पुढच्या पिढीपर्यंत टिकावे असे वाटत असेल, तर कागद किती पांढरा आहे हे पाहण्याआधी तो कशापासून बनला आहे ते पाहावे. लाकडाच्या लगद्यात लिग्निन हे द्रव्य असते आणि ऊन-हवा लागून ते पिवळे पडते. वर्तमानपत्राचे कात्रण काही महिन्यांत तांबूस होते ते यामुळेच. कापसाच्या तंतूंत लिग्निन जवळजवळ नसते, म्हणून पाकिटावर ‘100 टक्के कॉटन’ असे लिहिलेला कागद माझी पहिली पसंती असतो. तो परवडत नसेल तर लिग्निन काढून शुद्ध केलेल्या आल्फा-सेल्युलोजचा कागद घ्यावा. दोन्हींच्या बाबतीत कागद आम्लमुक्त असल्याची आणि हवेतले आम्ल शोषून घेण्यासाठी त्यात कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले असल्याची खात्री करावी. आयएसओ 9706 हे मानक याच गोष्टी तपासते.

त्यानंतर शुभ्रतेची परीक्षा करावी, आणि इथे घाई करू नये. पुष्कळ कागदांत चमक वाढवणारी रसायने असतात, जी अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश परत टाकतात. कालांतराने त्यांची शक्ती ओसरते आणि कागद मूळच्या पिवळसर रंगावर येतो. आजीचे एक छायाचित्र मी अशाच झगझगीत कागदावर छापून खिडकीसमोर लावले होते. काही वर्षांत तिच्या पांढऱ्या लुगड्यावर साय धरल्यासारखी पिवळट झाक आली, आणि ते पाहून मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी नमुन्याचा तुकडा अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यावर नोटा तपासण्याचा अतिनील टॉर्च धरतो. कागद निळा उजळला तर ही रसायने आहेत, मंद राहिला तर नाहीत किंवा अगदी थोडी आहेत. कॅन्सन इन्फिनिटी या कंपनीचा ‘रॅग फोटोग्राफिक’ हा पूर्ण कापसाचा कागद या रसायनांशिवाय बनतो आणि दर चौरस मीटरला 210 व 310 ग्रॅम वजनांत मिळतो.

वजनाला मात्र अवाजवी महत्त्व देऊ नये. जाड कागद शाईने सहसा सुरकुतत नाही, पण जाडी म्हणजे टिकाऊपणा नव्हे; शिवाय आपला प्रिंटर किती जाड कागद ओढतो ते आधी पाहावे लागते.

पृष्ठभाग चित्रानुसार ठरवावा: गडद सावल्यांसाठी बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेला, किंचित चमकदार कागद), मृदू छटांसाठी मॅट, म्हणजे बिनचमकीचा. मॅटवर मॅट ब्लॅक ही मॅट कागदासाठीची काळी शाई आणि त्या कागदाचेच आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उमटवायचे हे सांगणारी फाइल, वापरावे. शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली, असावी, कारण डायची (विरघळलेल्या रंगाची) शाई सहसा लवकर फिकटते.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्याची दमट हवा विसरू नये. उरलेले कागद मूळ पाकिटात बंद करून आडवे ठेवावेत, छापलेले चित्र निदान एक दिवस उघड्यावर वाळू द्यावे, आणि फ्रेम करताना आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून चित्र व काच यांत फट राखावी, म्हणजे ओल धरून चित्र काचेला चिकटणार नाही.