सत्तरीनंतर खांद्याचा सांधा बदलताना: ऑपरेशनआधीची तयारी

तारीख घेण्याआधी सर्जनना सरळ विचारा, ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? सांधा झिजला असेल तर मोठा आराम दुखण्यातून मिळतो, हात मात्र तरुणपणासारखा वर जाईलच असं नाही. रोटेटर कफ (खांद्याचा गोळा जागेवर धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांचे दोर) फाटून कामातून गेला असेल तर ‘रिव्हर्स’ सांधा बसवतात. त्यात गोळा वाटीच्या जागी आणि वाटी गोळ्याच्या जागी येते, आणि हात उचलायचं काम खांद्यावरच्या जाड डेल्टॉइड स्नायूकडे जातं. आपल्या माणसाला कोणता सांधा बसणार हे वहीत लिहून ठेवा, पुढची पथ्यं त्यावरच ठरतात.

इंग्लंडमधल्या १९९८ ते २०१७ या काळातल्या पन्नास हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ९० दिवसांत गंभीर त्रास साधारण २२ जणांत एकाला झालेला दिसला. ८५च्या पुढच्या पुरुषांत मात्र पाचांत एकाला. हा त्रास म्हणजे हृदयविकाराचा झटका, छातीतला संसर्ग, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, किडनी बिघडणं. नवा सांधा पुन्हा बदलायची वेळ या वयात क्वचितच येते. त्यामुळे माझं ठाम मत आहे की खांद्यापेक्षा बाकीच्या शरीराच्या तयारीला जास्त वेळ द्या, आणि ती निदान महिनाभर आधी सुरू करा.

भूलतज्ज्ञांकडे जाताना गोळ्यांची नावं पाठ करून जाऊ नका, पट्ट्यांसकट सगळी पिशवीच न्या. चूर्ण, काढे आणि झोपेची गोळीसुद्धा त्यात हवी. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतील. स्टेंट असेल तर स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, तेही विचारून घ्या. दमा, जुनी बिडी किंवा वर्षानुवर्षं चुलीचा धूर घेतलेला असेल तर न विचारताच सांगा. मानेतल्या ब्लॉकमुळे, म्हणजे खांदा बधिर करायच्या इंजेक्शनमुळे, त्या बाजूचा श्वासपटल (छाती-पोटामधला श्वासाचा स्नायू) काही तास सुस्तावतो, आणि आधीच दमलेल्या फुप्फुसांना ते झेपत नाही.

जंतुसंसर्गाची तयारी घरूनच होते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) फार वाढलेलं असेल तर तारीख पुढे ढकलायला लाजू नका. गेल्या तीन महिन्यांत खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर सांगा. किडलेला दात आणि लघवीची जळजळ आधी निस्तरा. खांद्याच्या आणि काखेच्या त्वचेत केसांच्या मुळाशी एक जंतू राहतो, साधा साबण तिथवर पोचत नाही. म्हणून काही सर्जन आधीचे दोन-तीन दिवस बेंझॉइल पेरॉक्साइड हे जंतू मारणारं औषध लावायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांचं काय मत आहे ते विचारा. काखेत घरी रेझर मात्र फिरवू नका, बारीक काप पडतात.

बांगड्या आणि पाटल्यांचा विषय आधीच काढा. ऑपरेशननंतर हात सुजतो, आणि वर्षानुवर्षं न निघालेली पाटली ऐनवेळी कापायची म्हटलं की आजी हवालदिल होतात. चार दिवस आधी सोनाराकडे जाऊन शांतपणे काढून घ्या.

आता घराकडे वळू. साधारण चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवलेल्या झोळीत असेल, तोल जाईल, आणि पडलं तर बसवलेल्या सांध्याजवळचं हाड मोडू शकतं. न्हाणीघरातली ओली फरशी, सैल पायपुसणं आणि रात्रीचा अंधार या तीन गोष्टींचा आधी बंदोबस्त करा. आधाराची दांडी चांगल्या हाताच्या बाजूला बसवा. खुर्ची उंच हवी, कारण रिव्हर्स सांध्यात ऑपरेशनच्या हाताने रेटा देऊन उठणं धोक्याचं, सांधा निखळू शकतो. हात पाठीमागे नेणंही तसंच. म्हणून शौचानंतर धुणार कसं, हे लाज बाजूला ठेवून आधी ठरवा. कमोड, जेट स्प्रे आणि दुसऱ्या हाताची आठवडाभर सवय, एवढं झालं तर पुष्कळ अडचण टळते. पुढून उघडणारे गाऊन किंवा सदरे काढून ठेवा, आणि पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपायची सवय आधीच लावा.

दवाखान्याच्या पिशवीत चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळीची डबी हवीच. पहिल्या एक-दोन रात्री बरेच वृद्ध गोंधळतात, असंबद्ध बोलतात, सलाइन ओढतात. ओळखीचा माणूस जवळ असला आणि नीट दिसलं-ऐकू आलं तर ते लवकर सावरतात.

सर्जनचा नंबर फ्रिजवर चिकटवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा. पोटरी सुजली किंवा खांद्याचा आकार अचानक बदलला तर त्याच दिवशी दाखवा. जखमेतून ओल येत राहिली तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. आधी सर्जनना दाखवा, कारण गोळ्या पोटात गेल्यावर तपासणीत जंतू सापडणं अवघड होऊन बसतं.