प्रवाळाचं अन्नजाळं शिकवायला जाताय? आधी गवताचं कार्ड करा

गेल्या वर्षी सातवीवर माझा हा तास पार फसला, म्हणून यंदा जाण्याआधी सगळं लिहून काढतेय. चाळीस पोरं गोल करून उभी, गळ्यात कार्डं, मुशी (म्हणजे शार्क) झाली हेकरू झाला पॅरटफिश खेकडा तारामासा सगळे झाले, हातात कोण कुणाला खातं ते जोडायला लोकरीचा गुंडा, आणि मी मोठ्या रुबाबात सांगितलं की प्रवाळ हा प्राणी आहे बरं का, वनस्पती नाही. मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग इथे गवत कोण?" गवत-नाकतोडा-बेडूक-साप त्यांना तोंडपाठ असतं हो, त्यामुळे मुळाशी कुणीतरी हिरवं लागतं हे तिला बरोबर कळलं. आणि नेमकं तेच कार्ड मी केलं नव्हतं. "असतं शेवाळ वगैरे" म्हणून वेळ मारून नेली.

तर पहिलं काम, झूझॅन्थेलीचं कार्ड. प्रवाळाच्या अंगातच राहणारं, डोळ्यांना न दिसणारं शैवाल. सूर्यप्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातली बरीचशी प्रवाळाला देतं, त्याच्या गरजेच्या ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा यातून मिळू शकते. बदल्यात राहायला जागा आणि प्रवाळाच्या टाकाऊतून खत. म्हणजे गवत गाईच्या पोटातच उगवतंय आणि तिला आतूनच जेवू घालतंय असा प्रकार. हे कार्ड वेगळ्या मुलाला द्या आणि त्याला प्रवाळवाल्याच्या हातात हात घालून उभं करा, लांब नको. रात्री मात्र हाच प्रवाळ स्पर्शिका बाहेर काढून प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पकडतो, म्हणून लोकरीचा एक धागा तिकडूनही आणा. साधं शैवाल आणि वनस्पतीप्लवक यांचीही कार्डं लागतील, पण ती कुणी विसरत नाही. विसरतात ते झूझॅन्थेली. मी विसरले.

कात्री, स्केचपेन सांगायला नको. लोकरीचे दोन गुंडे घ्या, एक पुरत नाही. जागा हॉलमध्ये, वर्गात बाकं आडवी येतात. सूर्य आणि विघटक बॅक्टेरिया, दोन्ही कार्डं हवीत.

बाणाची दिशा आधीच फळ्यावर काढून ठेवा, खाल्ला गेला त्याच्याकडून खाणाऱ्याकडे. अर्धा वर्ग उलटा काढतो कारण त्यांच्या डोक्यात बाण म्हणजे "हा त्याला खातो". बाण म्हणजे अन्न कुठे गेलं, एवढंच सांगा आणि पुढे चला.

रीफ, म्हणजे प्रवाळाची खडकासारखी वसाहत, एकच घ्या. नेटवरचा तयार तक्ता छापला की एकाच जाळ्यात कॅरिबियनचा मासा आणि ऑस्ट्रेलियाचा मासा शेजारी शेजारी, जन्मात भेटणार नाहीत ते. मी लक्षद्वीप घेते. तिथे माणसाचं कार्डही नीट बसतं, कारण टुना गळाने पकडायला लागणारे छोटे जिवंत मासे तिथले कोळी लगूनमधूनच, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ पाण्यातूनच, आणतात, म्हणजे समुद्रातल्या टुनाचा धागासुद्धा रीफपर्यंत येतो. मालवणला स्नॉर्कलिंग करून आलेला एखादा असतोच, त्याला दोन मिनिटं बोलू द्या, दोनच.

खरा प्रवाळ दाखवायला आणू नका, कुणाच्या घरी शोकेसमध्ये असला तरी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे तो. फोटो पुरतो. आणि कुणीतरी विचारणारच की आमच्या बाबांच्या अंगठीतलं पोवळं तेच का. नाही, ते लाल पोवळं वेगळं, त्याच्या अंगात झूझॅन्थेली नसतं. बघा, इथेही तेच नाव आलं. कार्ड केलंत ना?

खालून वर ऊर्जा किती पोचते ते दाखवायला १ लिटर पाणी, त्यातलं १०० मिली, त्यातलं १०, त्यातलं १. शेवटचं औषधाच्या झाकणात. प्रत्येक पायरीला साधारण १० टक्केच वर पोचतं, म्हणून मुश्या थोड्या. जमिनीवर फडकं ठेवा.

मग एकेकाला खाली बसवायचं, म्हणजे तो जीव जाळ्यातून गेला. सी अर्चिनला (शैवाल खाणारा काटेरी गोळ्यासारखा प्राणी) बसवा आणि जमैका सांगा: मासेमारीने पॅरटफिशसारखे शैवाल खाणारे मासे आधीच कमी झालेले, १९८३ मध्ये साथीत काळे सी अर्चिन पटापट मेले, चरणारं कुणी उरलं नाही आणि रीफ शैवालाखाली गेलं. शैवाल चांगलं की वाईट असा गोंधळ इथे होतो. आतलं चांगलं, वर माजलेलं वाईट, एवढंच. नंतर पाणी तापलं म्हणून झूझॅन्थेलीला प्रवाळाचा हात सोडायला लावा. प्रवाळ पांढरा पडतो, लगेच मरत नाही, उपाशी राहतो. लक्षद्वीपला १९९८ मध्ये हेच झालं. हा भाग कार्डाशिवाय होतच नाही, मागच्या वर्षी मी तो तोंडीच उरकला आणि पोरं जांभया देत होती.

पॅरटफिश प्रवाळ चावून वाळू हगतो हे अगदी शेवटी सांगा, त्यानंतर कुणी ऐकत नाही.

गृहपाठ, जाळं वहीत काढा. लोकर गुंडाळायला पाच मिनिटं ठेवा, माझी गेल्या वर्षीची गाठ अजून सुटलेली नाही. निघताना कार्डं मोजा. झूझॅन्थेली आहे का ते परत बघा.