प्रवासात लॅपटॉपला नेट: रेंजला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

ठाण्याहून जनशताब्दी पकडा नाहीतर वाशीहून शिवनेरी, फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप उघडला आणि पान नुसतं गोल गोल फिरत बसलं की तोंडातून पहिलं वाक्य येतं, ‘रेंज नाही.’ बऱ्याचदा रेंज असते. घोळ फोन आणि लॅपटॉपच्या मधे असतो, आणि तो आदल्या संध्याकाळी घरीच निस्तरता आला असता.

तपासायची पद्धत सोपी आहे. फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर फोनमध्येच एखादं पान उघडा, आधी न पाहिलेलं. ते उघडलं आणि लॅपटॉपवर मात्र काही येत नसेल, तर टॉवर निर्दोष. फोनवरही येत नसेल तर फ्लाइट मोड पाच-दहा सेकंद चालू ठेवून बंद करा, म्हणजे फोन टॉवर नव्याने शोधतो. तरीही नाही आलं तर मग खुशाल रेंजला बोल लावा.

लॅपटॉपला मोकाट सोडणं

ही सगळ्यांत महाग चूक. लॅपटॉपच्या दृष्टीने घरचं ब्रॉडबँड आणि तुमचा हॉटस्पॉट यांत काही फरक नसतो. नेट मिळालं की विंडोज अपडेट उतरवायला लागतं, वनड्राइव्ह फोटो चढवायला लागतं, ब्राउझरमधल्या वीस टॅब एकदम ताज्या होतात. तुम्ही उघडलेलं एक ईमेल या गर्दीत मागे पडतं आणि नेट ‘स्लो’ वाटतं. ते स्लो नसतं, दुसरीकडे गुंतलेलं असतं.

उपाय: हॉटस्पॉट जोडल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, मग आपल्या हॉटस्पॉटचे प्रॉपर्टीज उघडून ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे इथला डेटा मोजका आहे, असं लॅपटॉपला सांगणं) चालू करा. बहुतेक अपडेट तिथेच थांबतात. मॅकवर त्याच जागी ‘लो डेटा मोड’ आहे. गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स असेल तर ते हाताने पॉझ करा.

इथे एक खाच आहे. हे सेटिंग त्या एका नावाच्या नेटवर्कपुरतंच असतं. हॉटस्पॉटचं नाव बदललंत की पुन्हा पहिल्यापासून. आणि फोन केबलने जोडलात तर विंडोज त्याला वाय-फाय समजतच नाही, इथरनेट समजतं. तिथलं मीटर्ड वेगळं चालू करावं लागतं. हे न केल्यामुळे वाय-फायवर शिस्तीत चाललेला लॅपटॉप केबल लावताच दिवसाचा डेटा फस्त करतो.

‘अनलिमिटेड’ या शब्दावर भिस्त ठेवणं

बऱ्याच प्लॅनमध्ये अमर्याद असतो तो फक्त ५जी डेटा. ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नेरूळला ५जी मिळतं, पण गाडी शहराबाहेर पडली की फोन ४जीवर उतरतो आणि तिथून तुमचा रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा कापला जायला लागतो. तो संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. एक एमबीची पीडीएफ उतरवायला दोन मिनिटांहून जास्त. या वेगात रिचार्जचं अॅपसुद्धा उघडत नाही, म्हणून डेटा पॅक लागणारच असेल तर निघण्याआधी मारून ठेवा. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी धरा. कॅमेरा बंद ठेवला तर खूपच कमी, आणि गाडीत कॅमेरा चालू ठेवून बघण्यासारखं असतं तरी काय!

चालत्या गाडीत फोन ५जी आणि ४जीमध्ये सारखा उड्या मारत असेल तर नेटवर्क मोड ४जीवर पक्का करावा, नेट सलग चालतं. पण मग सगळा डेटा कोट्यातूनच जाणार. माझं मत विचाराल तर मीटिंग असेल तेव्हा ४जी, नुसतं मेल-बिल असेल तेव्हा जे मिळेल ते.

हॉटस्पॉट दिसत नाही, किंवा जोडूनही नेट नाही

दिसतच नसेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड, म्हणजे वाय-फायची फ्रिक्वेन्सी, बघा. फोन ५ गिगाहर्ट्झवर असेल तर जुन्या लॅपटॉपला ते नाव सापडत नाही, २.४ करा. आयफोनवर यासाठी ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ आहे, आणि लॅपटॉप जोडला जाईपर्यंत पर्सनल हॉटस्पॉटचा स्क्रीन उघडा ठेवा. सुरक्षेत डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ निवडून पाहा. अँड्रॉइडमध्ये कोणी जोडलेलं नसेल तर काही मिनिटांनी हॉटस्पॉट आपोआप बंद होतो: तुम्ही लॅपटॉप मिटून वडापाव खाऊन येता, आणि परत उघडल्यावर नाव गायब.

जोडला पण ‘नो इंटरनेट’ म्हणतोय? आधी ऑफिसचं व्हीपीएन बंद करून पाहा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

फोन खिशात, बॅगेत किंवा उन्हात ठेवणं

एसी डब्याचं धातूचं अंग आणि काचेवरची फिल्म दोन्ही सिग्नल अडवतात. फोन बॅगेत ठेवला तर उरलासुरलाही जातो. यूएसबी टेदरिंग करून, म्हणजे केबलने लॅपटॉपला नेट देऊन, फोन काचेशी ठेवा, बॅटरीही टिकते. केबल मात्र डेटावाली हवी, फुटपाथवरच्या स्वस्त केबली नुसत्याच चार्जिंगच्या निघतात. मॅक आणि अँड्रॉइडचं यूएसबीने सहसा जमत नाही, तिथे वाय-फायच वापरा. कारमध्ये फोन डॅशबोर्डवर उन्हात, चार्जिंगला आणि हॉटस्पॉटवर, असं तिहेरी केलंत की तो तापतो आणि सगळंच मंदावतं.

लोकलमध्ये किंवा बिनएसी डब्यात हा खिडकीचा सल्ला अजिबात मानू नका. कळव्याच्या बाजूला फटका गँगने, म्हणजे रुळांशेजारी उभं राहून हातावर फटका मारणाऱ्या चोरांनी, कितीतरी फोन रुळांवर पाडलेत. तिथे नेट गेलं तरी चालेल.

दुसऱ्या सिमवर कॉल घेणं

मीटिंग रंगात आलेली असताना दुसऱ्या सिमवर घरून फोन येतो आणि लॅपटॉपचं नेट थांबतं. बहुतेक दोन सिमच्या फोनांत एका सिमवर बोलताना दुसऱ्याचा डेटा बंद पडतो. मीटिंगपुरतं दुसरं सिम बंद ठेवा. डेटाच्या सिमवर व्होल्टे (४जीवरूनच कॉल जाण्याची सोय) चालू आहे ना, तेही पाहून घ्या.

ड्रॉवरमधला जुना नेटसेटर (सिम घालून लॅपटॉपला लावायचं डोंगल) घेऊन निघत असाल तर तो ४जी आहे का बघा. खासगी कंपन्यांनी ३जी बंद केल्यापासून तसले डोंगल फक्त पेन ड्राइव्हसारखे दिसतात. स्टेशनवरचं रेलवायर हे वाय-फाय दिवसाला अर्धा तास फुकट आहे, पण त्याचा ओटीपी येईपर्यंत गाडी ठाण्याहून सुटलेली असते. ते फलाटावर गाडीची वाट बघतानाच वापरायचं, आणि बँकेचं काम त्यावर नको.

बोगद्यात काम ठेवणं

इथे खरोखरच रेंज नसते. ठाण्याजवळच्या पारसिकचा १९१६ सालचा बोगदा सुमारे १.३ किलोमीटरचा, तो मिनिटा-दोन मिनिटांत संपतो. कोकण रेल्वेवर मात्र नव्वदहून अधिक बोगदे आहेत, शिवाय डोंगर कापून केलेल्या खोल कटिंग्ज. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे तर साडेसहा किलोमीटरचा. कॉल करायचे असतील ते पनवेलच्या आसपास उरकून घ्या. जीमेल आणि गुगल डॉक्सचं ऑफलाइन घरच्या वाय-फायवर असतानाच चालू करा, म्हणजे पुढे लिहिलेलं सगळं लॅपटॉपमध्ये साठून राहतं आणि रेंज आली की जातं. जड फाइल असेल तर चिपळूणला गाडी उभी असतानाच पाठवायला लावा.