नवा नालबंद निवडताना

आमच्या दोन घोड्यांना वर्षानुवर्षं नाल मारणारे चाचा गुडघ्यांमुळे थांबले. मग मी घाईत मिळेल त्याला बोलावलं. एक खिळा आत गेला आणि राणी आठवडाभर पाय टेकवेना. तुमच्या जनावरावर ती वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

शोध सारंगखेड्यापासून सुरू करा. दत्तजयंतीला तिथे तापीकाठी घोडेबाजार भरतो. विकणाऱ्यांपेक्षा वरातीला घोडी लावणाऱ्यांना विचारा. त्यांची घोडी डांबरावर चालते, नाल कच्ची मारली की त्यांना आधी कळतं. दोघातिघांनी एकच नाव घेतलं की नंबर घ्या.

पहिल्यांदा एकच घोडी द्या, तीही शांत. चांगला नालबंद आधी तिला चालवून बघतो, जुन्या नालेची झीज बघतो, मगच पाय उचलतो. तो खुराच्या मापाची नाल करतो, नालेच्या मापाला खूर कानसत नाही. खिळे खुराच्या तळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या रेषेच्या बाहेरच हवेत. त्याच्या आत जिवंत भाग असतो. वर निघालेली टोकं वळवून घासलीत का, बोट फिरवून बघा. घोडी बिचकल्यावर हात उगारणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

दुसऱ्या दिवशी चारही खूर चाचपा. एखादा जास्त गरम लागला, किंवा घोडी लंगडली, तर लगेच फोन करा. त्याच दिवशी येऊन खिळा काढणारा माणूस सोडू नका. ६ ते ८ आठवड्यांनंतरची तारीख तेव्हाच ठरवा, लग्नसराईत तो सापडत नाही.