शनिवार-रविवार पाहिला, तिथी पाहिली नाही : कोकणातल्या होडीप्रवासात या चुका टाळा

पुण्यातल्या घरांत कोकणच्या सहलीचा बेत ठरतो तो जोडून आलेली सुट्टी पाहून, आणि आमचाही तसाच ठरला होता. शनिवारी पौर्णिमा होती, चांदण्यात समुद्र पाहायला मिळेल म्हणून सगळे खूश होते, आणि अलिबागला पोहोचल्यावर दुपारी समुद्रातल्या, ओहोटीला चालत जाता येणाऱ्या कुलाबा किल्ल्यात पायी जाऊन यायचे होते. खोपोली-पेणमार्गे, वाटेत दोनदा चहा घेत, आम्ही बाराच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा किल्ला चारही बाजूंनी पाण्यात होता आणि होडीसाठी लांबलचक रांग लागली होती. माहेर रेवदंड्याचे असलेली माझी आत्या गाडीतून उतरता उतरता म्हणाली, "आज पौर्णिमा ना? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ऐन भरतीला आणलंत रे मला." तिला आधी कोणी विचारलेच नव्हते.

कोकणातल्या जुन्या माणसांचा हा हिशेब सुट्टीचा बेत करणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. शुद्ध आणि वद्य या दोन्ही पक्षांना हा नियम सारखाच लागू पडतो, आणि अमावास्येलाही आकडा पंधराच धरायचा असतो. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरतीही रोज पाऊण तास किंवा त्याहून थोडी अधिक पुढे सरकते. पाऊणपटीचे मूळ तेच आहे. हिशेब अर्थातच ढोबळ आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी मोबाइलवर त्या गावचे भरतीचे वेळापत्रक अवश्य पाहावे. परंतु सहलीची तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी पाहिली तरी मोठी चूक टळते.

येथे दुसरी चूक होते ती अर्धवट माहितीने. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला असते, म्हणजे पुण्याहून सकाळी निघणाऱ्याला ती वेळ अगदी सोयीची वाटते. मात्र अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत नाही, तसे फार उतरतही नाही. भर ओहोटीलाही किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहू शकते. याउलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात समुद्र पार आत हटतो, पण तो हटतो पहाटे आणि संध्याकाळी, आणि संध्याकाळी किल्ल्यात जाऊन अंधारात, चढत्या पाण्यातून परतणे हा शुद्ध वेडेपणा होय. ओहोटी पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी वाळूत उतरावे, आणि पाणी फिरले की किल्ल्यात रेंगाळू नये. आत अडकलाच तर पाण्यात पाऊल घालू नये; होडीची वाट पाहावी, होडी नसेल तर पुढच्या ओहोटीची.

ऋतूच्या बाबतीतली चूक याहून महागात पडते. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत खुल्या समुद्रातली प्रवासी वाहतूक आणि किल्ल्यांच्या फेऱ्या साधारणपणे बंद असतात. ताम्हिणीतले धबधबे ऐन भरात असतात तेव्हाच नेमक्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. घाटाची हिरवाई आणि शिडाची होडी एकाच सहलीत हवी असे म्हणणाऱ्याला मी सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत थांबायला सांगतो. नारळी पौर्णिमेचेही तसेच आहे. राज्याच्या सागरी हद्दीतली यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि श्रावणातल्या त्या दिवशी कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करून त्याने शांत व्हावे अशी प्रार्थना करतात. सजवलेल्या होड्या आणि मिरवणूक पाहायला कोळीवाड्यात जरूर जावे, परंतु त्याच दिवशी जंजिऱ्याची होडीही मिळेल अशी आशा धरू नये. ज्या समुद्राला शांत होण्याची विनवणी चालली आहे, तो अजून शांत झालेला नसतो.

आता प्रत्यक्ष होडीविषयी. मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला जाणारी शिडाची होडी हा पुण्याहून एका मुक्कामात साधणारा सर्वांत देखणा जलप्रवास आहे, असे माझे मत आहे. दुपारी दोन वाजता धक्क्यावर पोहोचणे ही तिथली नेहमीची चूक. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि पाणी बरेचसे निवांत असते. जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि लाटा उठू लागतात. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना गर्दीही कमी असते. शीड फिरवताना खालची बाजू जोरात सरकते, म्हणून होडी चालवणारा तांडेल "खाली वाका" म्हणाला की चित्रीकरण सोडून वाकावे. दोर पायाजवळ पडलेला असेल तर त्याच्या वेटोळ्यात पाय ठेवू नये, आणि जीवरक्षक जाकीट बांधायचे असते, उशाला घ्यायचे नसते.

सर्वाधिक गोंधळ होतो तो उतरताना. जंजिऱ्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि तिथे लांबरुंद धक्का नाही; होडी पायऱ्यांपाशी वरखाली होत राहते. घाईत लोक होडी खाली जात असताना उडी मारतात आणि पायरी गुडघ्याला लागते. लाटेने होडी वर उचलली गेली की त्या क्षणी एकच पाऊल टाकायचे असते. दोन्ही हात मोकळे हवेत, फोन खिशात हवा. खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याची बोटे न धरता मनगट धरावे. ओल्या हातातून बोटे निसटतात, मनगट निसटत नाही. किल्ल्याचा पसारा २२ एकरांचा आणि बुरूज १९, तर परतीच्या होडीची मुदत बहुधा तासाभराची. सगळे पाहण्याच्या नादात धावपळ करण्यापेक्षा कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव एवढेच पाहावे, पण नीट पाहावे.

मळमळीचे कारण बऱ्याचदा समुद्र नसतो, ताम्हिणीची वळणे आणि त्याआधी चापलेली मिसळ असते. उपाशीही जाऊ नये. पोळी किंवा केळे पुरेसे असते. ज्यांना त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, कारण उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. होडीत टोकाला न बसता मध्यभागी बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी.

शिमग्याला कोकणात जाणाऱ्यांचा एक गैरसमज असा की होळीच्या सुट्टीला गेले की पालखी दिसतेच. ग्रामदेवतेच्या पालखीचे दिवस गावागणिक वेगळे असतात; ती कधी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, असते, कधी घरोघर फिरत असते, म्हणून ज्या घरी उतरणार त्यांना आधी विचारून दिवस ठरवावा. पालखी नाचवणाऱ्यांना फोटोसाठी "जरा थांबा" म्हणू नये. पुढे कोण, मागे कोण, पहिला खांदा कोणाचा, याचे मान ठरलेले असतात, आणि उत्साहाने मध्येच खांदा द्यायला धावणारा पाहुणा यजमानालाच अडचणीत आणतो. चपला काढून बाजूला उभे राहावे. बोलावणे आले तर नारळ द्यावा. हर्णैच्या मासळी लिलावातही हेच पथ्य पाळावे. टोपल्यांच्या बोलीत घुसून पाव किलो कोळंबीचा भाव विचारणारे बहुधा आमच्या पेठांतलेच असतात. लिलाव आटोपल्यावर एखाद्या मावशीकडे गेलात तर ती मासळी निवडूनही देते.

दिघी ते आगरदांडा गाडीसकट खाडी ओलांडून नेणाऱ्या फेरीबोटीची शेवटची वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावी, आणि परतताना ताम्हिणी उजेडात पार होईल असे निघावे.

अलिबागला आम्ही पुन्हा गेलो तो संकष्टीला, आणि या वेळी तारीख आत्याने काढली होती. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे ओहोटी नऊला, आणि किल्ल्यात गणपती आहेच. आदल्या रात्री मुक्काम करून आम्ही आठला वाळूत उतरलो. घोटाभर पाण्यातून आत्या साडीचा ओचा खोचून सगळ्यांच्या पुढे चालत होती. गणपतीपुढे अथर्वशीर्ष म्हणून झाल्यावर तिने माझ्या मनगटावरच्या घड्याळात पाहिले आणि दहाला बरोबर आम्हाला दरवाजाबाहेर काढले. पलीकडे पोहोचून मागे वळून पाहिले तर आमच्या पावलांच्या खुणांत पाणी भरू लागले होते, आणि पुण्याची पाटी असलेल्या गाडीतून एक कुटुंब नुकतेच उतरत होते.